न बोलण्याची अट

रुवैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या काळी दोन प्रकारचं इंग्रजी नांदत होतं आणि दोन सवतींसारखं त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. पहिलं बाबांचं. ते रिफायनरीत प्लॅनिंगला होते आणि त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं होतं. मिरजेच्या शाळेत कुणा जुन्या मास्तरांनी त्यांच्याकडून पत्रलेखन घोटून घेतलं होतं, त्यामुळे ते बोलतानाही पत्रच बोलत. एसी बंद पडला की मेंटेनन्सच्या ऑफिसला फोन जायचा आणि पलीकडच्या बिचाऱ्या पाकिस्तानी कारकुनाला आमची बैठकीची खोली तापली आहे, हे 'आय बेग टू ब्रिंग टू युवर काइंड नोटीस' पासून 'काइंडली डू द नीडफुल' पर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागायचं. तो शेवटी हिंदीत विचारायचा, "साब, एसी खराब है क्या?" मग बाबा म्हणायचे, "हां, वही बोल रहा हूँ." दुसरं इंग्रजी समोरच्या दारातून आलं, ते आईकडे राहायला आलं, आणि त्यानं घरात जो गोंधळ घातला तो मला अजून आठवेल तेव्हा हसवतो.

रुवैस म्हणजे आखाती वाळवंटात एका बाजूला समुद्र, एका बाजूला मिठानं पांढरी पडलेली सपाट जमीन आणि मध्ये कंपनीनं वसवलेलं गाव. रिफायनरीची ज्योत दिवसाही दिसायची. एसीची घरघर इतकी सवयीची होती की ती थांबली की आम्ही दचकायचो. सकाळी बाबा बसनं कामाला जात, मी बसनं शाळेला जाई, आणि मागे आई राहायची. पुण्यात ती बालवाडीत शिकवायची. तिच्या ओढणीला नाहीतर पदराला कुणाचं ना कुणाचं शेंबडं नाक पुसलेलं असायचं आणि घरी आली की ती त्या दिवशी कोण काय म्हणालं याच्या नकला करायची. इथं नकला करायला माणसंच नव्हती. ती पंगत बसणार असल्यासारखा रोज सगळा स्वयंपाक मांडायची, लबना आणून श्रीखंड करायची. लबना म्हणजे इथं दुकानात डब्यात मिळतो तो आयता चक्काच, फक्त खारट. तो मीठ काढण्यासाठी फडक्यात बांधून, वर पाणी घालून पुन्हा टांगायचा, हा रुवैसच्या मराठी बायकांनी लावलेला शोध. पण श्रीखंड तरी माणूस किती दिवस करणार. आई सुकत चालली होती. विचारलं तर म्हणायची, "मला काय झालंय? मजेत आहे मी."

समोरच्या फ्लॅटमध्ये लोरीन आली ती खरं म्हणजे चुकून. तिचा नवरा पाइपलाइनच्या कामावर मोठा इंजिनियर. अशा लोकांना समुद्राकडचे व्हिला मिळत, पण त्यांचा व्हिला तयार नव्हता म्हणून तात्पुरतं त्यांना आमच्यात आणून ठेवलं, आणि तयार झाल्यावर लोरीन हलेचना. ती टेक्सासच्या कुठल्याशा कोरड्या मुलखातली होती, वयानं माझ्या आजीएवढी, आणि तिला आमच्या जिन्यातला फोडणीचा वास आवडायचा. आई तिला लोरीनताई म्हणू लागली. काही दिवसांनी तीही आईला सुलभाताई म्हणू लागली, आणि 'ताई' चा उच्चार ती इतका लांबवायची की तेवढ्यात दुसरी बाई अर्धी पोळी लाटेल.

पहिल्या भेटीत ती जाड लोखंडी तव्यात भाजलेला पिवळा जाडसर पाव घेऊन आली. आईनं तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "मका आहे," ती मला मराठीत म्हणाली, "आणि साखर घातलेली नाही, बाई शहाणी दिसते." मग लोरीननं त्या पावाची कथा सांगितली. तिचे पूर्वज इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेकडचे. तिथून आयर्लंड, तिथून बोटीनं अमेरिका, तिथून डोंगर ओलांडत पश्चिमेला. नव्या जमिनीत त्यांचा गहू धड येईना. तिथल्या मूळच्या लोकांचा मका होता, तो त्यांच्याकडून शिकले. शिकले म्हणजे बियाणं, पेरणी, दळणं, भाजणं, आणि जोडीला कितीतरी झाडांची, जनावरांची, भोपळ्यांची नावंही. कारण इंग्लंडमध्ये ती जनावरंच नव्हती तर नावं कुठून असणार. आईनं सगळं मन लावून ऐकलं आणि मला म्हणाली, "म्हणजे बघ, साहेब लोक परदेशी गेले आणि आधी भाकरी शिकले." हे मी लोरीनला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती मांडीवर थापा मारून हसली.

लोरीननं आईला इंग्रजी शिकवलं असं म्हणता येणार नाही. दोघी ओट्यापाशी उभ्या राहून भाज्या चिरत आणि बोलत. सुरुवातीला आईचं निम्मं हातवाऱ्यांचं होतं. हळूहळू ते वाढलं, आणि वाढलं ते जसंच्या तसं टेक्सासचं. 'मला वाटतं' म्हणायला आई 'आय रेकन' म्हणायला लागली. पलीकडे म्हणायला 'यॉन्डर'. आता भात लावते, एवढं सांगायचं असलं की 'आय ॲम फिक्सिंग टू'. र असा ठणठणीत वाजवायची की बाबांच्या हातातला घास थांबायचा. "हे कुठलं इंग्रजी?" ते म्हणाले. "अगं, ऑफिसात असं कुणी बोललं ना, तर दुसऱ्या दिवशी खलास." आई म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात मला बोलावतंय कोण?" लोरीनच्या सगळ्याच गोष्टी मात्र आईनं घेतल्या नाहीत. गोड, गार चहा तिला कधी पटला नाही. आपण गार झाला म्हणून ओतून टाकतो तो चहा ही बाई मुद्दाम बर्फात घालते, हे ती पुण्याच्या प्रत्येक फोनवर सांगायची.

मला तेव्हा प्रश्नांची खाज होती. बाबांचं इंग्रजी बरोबर की लोरीनचं, हे मला ठरवून हवं होतं, म्हणून मी शाळेत अन्नम्मा टीचरना विचारलं. त्या केरळच्या, आम्हाला इंग्रजी शिकवायच्या, आणि धड्याबाहेरचा प्रश्न आला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, माणूस घर सोडतो तेव्हा त्या दिवशीची भाषा ट्रंकेत घालून नेतो. घरी राहिलेल्यांची भाषा पुढे बदलत जाते, आणि ट्रंकेतली पुष्कळशी घडी घातल्यासारखी तशीच राहते. अमेरिकन माणूस र ठासून म्हणतो, तसा एके काळी इंग्लंडातही सगळे म्हणत. मग लंडनकडच्या वरच्या लोकांत शब्दाच्या शेवटचा र गिळायची फॅशन आली आणि तीच पुढे शुद्ध ठरली. पानगळीच्या ऋतूला अमेरिकन 'फॉल' म्हणतात त्याला इंग्रज नाक मुरडतात, पण तो शब्द इंग्लंडातूनच बोटीत बसून गेला. मागे राहिलेले तो विसरले एवढंच. "आणि तुझ्या वडिलांचं नीडफुल?" टीचर म्हणाल्या. "ते पण इंग्रजांचंच. आपल्या ऑफिसांत ठेवून गेले आणि घरी जाऊन विसरले. म्हणजे तुझे वडील आणि ती लेडी, दोघं मिळून साहेबांचं जुनं सामान सांभाळतायत."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी घरी पळत आले आणि दोन्ही पक्षांना हे जाहीर केलं. बाबांना ते फारसं रुचलं नाही. आपण अद्ययावत आहोत अशी त्यांची समजूत होती. लोरीन खूश झाली आणि तिची आजी कशी बोलायची हे सांगत बसली. आता इतक्या वर्षांनी दोन गोष्टी इथं नोंदवायला हव्यात. एक म्हणजे लोरीनच्या तोंडातलं सगळंच काही बोटीतून आलेलं नव्हतं. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी त्या भाषेला जे दिलं ते तिच्यात होतं, मेक्सिकोकडच्या गुराख्यांचे शब्दही होते. हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. लोरीनच्या गोष्टींत तिचे पूर्वज डोंगर ओलांडायचे, पण ही माणसं कधी यायची नाहीत, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. दुसरी गोष्ट माझीच. हल्ली मी पुण्याला गेले की भाचे हसतात. "मावशी, असं आता कुणी बोलत नाही गं," म्हणतात. मी 'चित्रपटगृह' वगैरे म्हणते म्हणून नव्हे, साधं 'पडशाचं औषध' म्हटलं तरी. मीही कुणाची तरी ट्रंकच झाले आहे, आणि इथं आखातातच, अल बर्शाच्या माझ्या घरात बसलेला माझा नातू, जो अमेरिकेला कधी गेलेला नाही, तो फोनवरच्या कार्टूनमुळे लोरीनसारखा र म्हणतो. हे सगळं कुठून कुठे जातं याचं मला अजून नवल वाटतं.

तर अशा दिवसांत कोऑप स्टोअरच्या बोर्डावर आईला एक चिठ्ठी दिसली. गावातल्या नर्सरीला मदतनीस बाई हवी होती. नर्सरी कंपनीतल्या परदेशी लोकांच्या लहान पोरांसाठी होती आणि मिसेस हार्ग्रीव्ह नावाची इंग्लिश बाई ती चालवायची. दोन दिवस गेले. मग वरण वाढता वाढता सहज म्हणावं तसं म्हणाली, "जाऊन बघू का? तेवढाच वेळ जाईल." बाबांनी घास खाली ठेवला आणि लगेच तयारीला लागले. त्यांनी आईकडून 'रिस्पेक्टेड मॅडम, आय ॲम कीनली डिझायरस' असं काहीतरी पाठ करून घेतलं. लोरीन समोरून आली आणि म्हणाली, हे असलं काही म्हणू नकोस, सरळ बोल. आणि तिनं तिचं पाठ करून घेतलं. आई ओठ हलवत स्वयंपाक करायची. तिच्या डाळीत त्या आठवड्यात एकदा मीठच नव्हतं, आणि बाबांनी किंवा मी ते बोलून दाखवलं नाही, कारण लोरीनही जेवायला होती आणि तिला वाटलं डाळ अशीच असते.

इंटरव्ह्यूहून आई आली ती आधी हसतच आली. तिनं सोफ्यावर बसून सगळी नक्कल केली. ऐन वेळी दोन्ही पाठांतरं एकात एक मिसळली. "मी म्हटलं, रिस्पेक्टेड मॅडम, आय रेकन आय ॲम कीनली फिक्सिंग टू बी ऑब्लाइज्ड." बाबांनी डोक्याला हात लावला. मिसेस हार्ग्रीव्ह हसल्या नाहीत, आई म्हणाली, नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात आतून एक पोर रडत आलं आणि कुणालाच न बघता थेट आईच्या मांडीत चढलं. आईनं त्याची पाठ थोपटली, ते गप्प झालं. मग मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अगदी नम्रपणे अट सांगितली. आईबाप मुलांना इथं पाठवतात ते शुद्ध, स्वच्छ इंग्रजी कानावर पडावं म्हणून. तुम्हाला मुलांची जाण आहे हे मला दिसतंय. तुम्ही या. हात धुवायला, भरवायला, झोपवायला तुमची मदत होईल. फक्त मुलांशी इंग्रजी बोलू नका. इथपर्यंत सांगून आईनं नक्कल थांबवली. "मी हो म्हटलं," ती म्हणाली.

त्या दुपारी आमच्या घरात जे भांडण झालं ते सगळं आईच्या बाजूनं होतं आणि सगळं तिच्या विरुद्ध होतं. बाबा म्हणाले, मुक्यानं काम करायचं? बी.ए. झालेली बाई तू, नाही म्हणून कळव. लोरीन तर पायात चपला घालून निघालीच होती मॅडमना चार गोष्टी सुनवायला. आणि मी अन्नम्मा टीचरचा सगळा इतिहास घेऊन उभी. आईचा र जुना आहे, मॅडमचाच नंतरचा आहे, फॅशनचा आहे, हे कुणीतरी त्या बाईला सांगायला हवं, आणि ते मी सांगणार. आईनं माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिनू, तुझा इतिहास बरोबरच असणार. पण मला सकाळी उठून जायला एक जागा मिळाली आहे. ती मी इतिहासापायी घालवू?" लोरीनला हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिनं चपला काढल्या. आई ताटं उचलत पुढे म्हणाली, "आणि ती इंग्रजी बोलू नका म्हणाली आहे. बोलूच नका असं कुठं म्हणाली?"

म्हणून आई नर्सरीत मराठी बोलू लागली. फार नाही. ये. बस. हात पुढे कर. शाब्बास. संपलं? पोरं इंग्लंडची, हॉलंडची, इजिप्तची, फिलिपिन्सची. त्यांना काय, कुठलीही भाषा नवीच. डच इंजिनियरची एक पिवळ्या केसांची मुलगी रिकामी ताटली उलटी धरून "संपलं" म्हणायची, आणि ती म्हणतानाचा तिचा आविर्भाव आई घरी रोज करून दाखवायची. घरात नकला परत आल्या. बाबाही ऑफिसातून आले की आधी विचारायचे, आज पिवळी काय म्हणाली? मी मनात नेहमी म्हणते, पायजमा, शाम्पू, बंगला हे शब्द इंग्रजीत गेले ते काही कुठल्या सभेत ठराव करून गेले नसणार. कुणी धोब्याकडून घेतला असेल, कुणी हमामातल्या मालीशवाल्याकडून, कुणा साहेबाच्या पोरानं दाईच्या कडेवर बसून. तेव्हा त्या दाईला कुणी काय अट घातली होती, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. मी शोधून पाहिलं आहे.

संकट आलं ते ऑलीमुळे. ऑली हा एका इंग्लिश इंजिनियरचा मुलगा, तुडतुड पळणारा आणि दर थोड्या वेळानं तोंडावर पडणारा. पडला की आई धावायची, आणि धावताना तिच्या तोंडून जे निघायचं ते तोही म्हणायला शिकला. घरी पायरीवरून घसरला, गुडघा फुटला, आणि आपल्या आईकडे बघत तो ओरडला, "आई गं." त्याच्या आईला काही समजेना. आपलं स्वतःचं पोर दुखल्यावर आपल्याला कळत नाही असं काहीतरी म्हणतंय, हे तिला फार लागलं असावं. आज मी आई आणि आजीही होऊन बसले आहे, मला ते समजतं. तेव्हा मला ती नुसती दुष्ट वाटली होती. ती नर्सरीत आली आणि मॅडमना म्हणाली की ही बाई वर्गात नको, तिला स्वयंपाकघरात ठेवा नाहीतर काढा.

त्या दिवशी माझी शाळा लवकर सुटली होती म्हणून मी परभारे आईला आणायला गेले होते. ऑफिसचं दार उघडं होतं. खुर्चीत मिसेस हार्ग्रीव्ह, समोर ऑलीची आई पर्स मांडीवर धरून, आणि त्यांच्या मध्ये माझी आई उभी, हात ओले, बहुतेक कुणाला तरी धुऊन सोडून आलेली. मी बाहेरच भिंतीला चिकटून थांबले. मॅडमनी विचारलं, हा मुलगा पडल्यावर काय म्हणतो? तुम्ही त्याला काय शिकवलंय? आईनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग मॅडमकडे बघून ती म्हणाली, "मॅडम, मे आय स्पीक?"

मॅडमना आधी उमगलं नाही. त्या म्हणणार होत्या की विचारलंय म्हणजे बोलाच की. मग त्यांना आपली अट आठवली असणार, कारण त्यांचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. "ऑफ कोर्स," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हळू म्हणाल्या, "ऑफ कोर्स."

आई बोलली. तिच्या त्या टेक्सासच्या इंग्रजीत, र ठणकावत, मध्येच बाबांचं एखादं 'काइंडली' घालत. मी काही शिकवलं नाही, ती म्हणाली. तो पडतो तेव्हा मी धावते. तेव्हा माझ्या तोंडून येतं ते येतं, मला थांबवता येत नाही. आमच्याकडे दुखलं की सगळे तेच म्हणतात, म्हातारेसुद्धा. मग ती ऑलीच्या आईकडे वळली. "त्याचा अर्थ आई असा आहे. तो तुम्हालाच हाक मारतो. शब्द तेवढा माझा आहे."

बाहेर पोरांचा कालवा चालला होता. ऑलीच्या आईनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. मग तिनं तो शब्द हलक्या आवाजात म्हणून पाहिला, एकदा चुकला, आईनं मान हलवली, पुन्हा म्हणाली. उठताना ती मॅडमना एवढंच म्हणाली की राहू द्या, त्यांना त्याच वर्गात राहू द्या. ती गेल्यावर मिसेस हार्ग्रीव्ह टेबलाकडे बघत म्हणाल्या की उद्यापासून मुलांशी बोला. जसं बोलता तसंच.

घरी येताना आई भराभर चालत होती. ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. मला वाटलं आता ती सगळ्याची नक्कल करेल, मॅडमचा लाल चेहरा, ऑलीच्या आईचा उच्चार, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत पळत होते. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात सावली लागली तशी ती पायरीवर बसली. ओले हात कधीच सुकले होते, तरी ती ते पदराला पुसत राहिली.

"मला वाटलं, गेली," ती म्हणाली. "आतमध्ये उभी होते तेव्हा वाटलं, गेली आता. मला ही नोकरी हवी होती गं मिनू. फार हवी होती."

मग ती रडली. मी शेजारी बसले. आईला स्वतःसाठी काही हवं असू शकतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.